चेंगदूला सासरी जाताना चिनी किती शिकून जावं?

लग्नानंतर चीनच्या सिच्वान प्रांतातल्या चेंगदूत सासू-सासऱ्यांबरोबर राहायचंय, तर पुण्यातच एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पुरी करून निघावं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच शहरात सून म्हणून राहते. माझ्या मते पहिली पातळी करा, चिनीचे चारही सूर (आवाजाचे चढउतार, ज्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो) कानात मुरू द्या आणि निघा. पुढचं सगळं घरात शिकायला मिळतं.

क्लासात शिकवतात ती पुतोंगह्वा, म्हणजे प्रमाण चिनी. घरातली वडीलधारी बोलतात सिच्वानी, म्हणजे इथली बोली, आणि त्यात बहुतेकांच्या तोंडी 'स' आणि 'श' एकच. त्यामुळे 'चार' आणि 'दहा' या आकड्यांत फरक उरतो तो फक्त सुराचा. भाजीचा भाव विचारला की हे लगेच कळतं.

मराठीचा इथे फार उपयोग होतो. पिनयिनमधलं, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या चिनीतलं, 'बी' म्हणजे आपला प, 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. 'टी' आणि 'के' म्हणजे थ आणि ख. 'झेड' म्हणजे 'चाक'मधला च. इंग्रजी वळणाने वाचू नका. वहीत देवनागरीत लिहा आणि वर सुराची खूण करा.

आधी नाती पाठ करा. मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, आणि जेवायला बसण्याआधी प्रत्येकाला नात्याने हाक मारणं हाच तिथला नमस्कार. आत्या, मावशी, मामा वेगळे असतात हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही तिथे वेगळे शब्द आहेत. बाजारातल्या काकूंना 'न्यांगन्यांग' म्हणा, त्या खूश होतात. लग्नात सासू-सासऱ्यांना चहा देताना पहिल्यांदा 'मा', 'पा' म्हणायचं असतं. तेव्हा ते पैशांचं लाल पाकीट देतात.

तुम्ही शाकाहारी आहात, हे पहिल्याच दिवशी सांगा: 'वो छ्र सू' ('सू' म्हणजे शाकाहारी जेवण). मापो तोफू या तिखट तोफूच्या पदार्थातसुद्धा खिमा असतो, भाज्याही कधी डुकराच्या चरबीत परततात. बौद्ध वळणाच्या कितीतरी आज्या चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला सू खातात, त्यामुळे घरातल्या आजींना हे नवऱ्यापेक्षा लवकर समजेल. त्यांच्याबरोबर भाज्या निवडायला बसा. माझी अर्धी भाषा तिथेच झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात: पोचल्यावर 24 तासांत पोलीस ठाण्यात नोंद, क्यू-1 (कुटुंबाकडे राहायला जाणाऱ्यांचा) व्हिसा असेल तर 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

सासूबाईंना काय न्यावं, असंही विचारलंत. घड्याळ नको, 'घड्याळ देणं' हे शब्द 'अखेरचा निरोप देणं' यासारखेच ऐकू येतात. चार नगही नकोत, 'चार' हा शब्द 'मृत्यू'सारखा ऐकू येतो. कोकणातले काजू चांगले. दोन्ही हातांनी द्या. त्या एक-दोनदा नको म्हणतील, तरी आग्रह करा. पाकीट तुमच्यासमोर न उघडता बाजूला ठेवलं, तर वाईट वाटून घेऊ नका. तीच तिथली रीत.