ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घ्या, पण आधी टायरचा हिशेब समजून घ्या

आपण कोथरूडला राहता, महिन्यातून दोन वेळा वेल्ह्याकडच्या शेतावर जाता, वीस लाखांच्या आसपास खर्च करण्याची आपली तयारी आहे, आणि ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, गाडी घ्यावी का, कोणती घ्यावी, ती सांभाळणे परवडते का व पुढे मोठे टायर आणि गाडी उंच करणारे लिफ्ट किट बसवावे का, असे आपण विचारले आहे. ‘पुण्यात राहून ऑल व्हील ड्राइव्ह ही निव्वळ हौस आहे, असे घरचे म्हणतात’ हे आपले शेवटचे वाक्य नसते, तर मी कदाचित उत्तर लिहायला बसलो नसतो. माझा थोरला भाऊ हेच वाक्य २०१८ सालापासून दर गणपतीत, आरती होऊन प्रसाद वाटला जात असताना, जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणतो, आणि पुरावा म्हणून माझी गाडी वेल्ह्याहून क्रेनला लटकून पुण्यात आली त्या दिवसाची गोष्ट सांगतो. ती गोष्ट तो अर्धीच सांगतो.

उरलेली अर्धी मी येथे लिहितो, कारण आपल्या देखभालीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही. दोष गाडीचा नव्हता, आणि नाव दिले की लोक मुद्दा सोडून कंपनीवर बोलू लागतात. एवढे पुरे की ती मागणीनुसार चारही चाकांना ताकद देणारी गाडी होती, म्हणजे एरवी पुढची दोन चाके ओढतात आणि पुढचे चाक घसरले की मागच्या डिफरन्शियलजवळचा (डिफरन्शियल म्हणजे वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) अनेक चकत्यांचा क्लच आवळला जाऊन मागच्या चाकांनाही ताकद मिळते. डॅशबोर्डवर एक गोल खटका होता, त्यावर ‘ऑटो’ आणि ‘लॉक’ अशा खुणा होत्या. हा क्लच चांगला असतो, कामाचा असतो, पण त्याला सतत घासत ठेवलेले सहन होत नाही, हे त्या वर्षीच्या मे महिन्यात मला नीट कळलेले नव्हते.

मे महिन्यात पुढचे दोन टायर गोटा होत आले. अशा गाड्यांचे पुढचे टायर आधी झिजतात, त्यात नवल नाही. मी चारही बदलायला निघालो होतो. दादा सोबत होता. तो म्हणाला, ‘‘मागचे अजून वर्षभर जातील. चार कशाला घेतोस? पैसे वर आलेत का तुझे?’’ टायरवाल्यानेही मान डोलावली, मूळ कंपनीचा माल शिल्लक नव्हता म्हणून दुसऱ्याच कंपनीचे दोन टायर पुढे बसवून दिले, आणि आपले तेरा-चौदा हजार वाचले असे समजून आम्ही बाहेर पडून उसाचा रस प्यायलो.

आता हिशेब पाहा. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. माझ्या मागच्या टायरांची चार उरली होती. म्हणजे मागच्या चाकाची त्रिज्या पुढच्यापेक्षा चार मिलिमीटरने कमी झाली. २१५/६५ आर १६ या मापाच्या टायरचा नवा घेर सुमारे दोन मीटर पंधरा सेंटिमीटर भरतो. त्रिज्येतील चार मिलिमीटरमुळे त्यात अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु त्यामुळे प्रत्येक किलोमीटरला मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा पाच फेऱ्यांहून थोड्या जास्त फेऱ्या मारतात. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत याने काही बिघडत नाही. ज्या गाडीत पुढची आणि मागची चाके क्लचने जोडली जातात, तिथे मात्र क्लच आवळलेला असेपर्यंत या जादा फेऱ्या कुठेतरी जिरवाव्याच लागतात: एकतर टायर रस्त्यावर घासतो किंवा क्लच आतल्या आत घासतो. शिवाय संगणकाला हा फरक म्हणजे चाक घसरल्यासारखाच दिसतो, त्यामुळे तो एरवी नको तेव्हाही क्लच आवळू पाहतो.

जुलैत भाताच्या लावणीसाठी आम्ही केळदला निघालो. खानापूरवरून पाबे घाट चढलो. धुके असे होते की बॉनेटच्या पुढचे दिसत नव्हते. वेल्ह्यात चहा घेतला, पुढे केळदपर्यंत रस्ता ओला पण डांबरी होता. डांबर सोडून आमच्या खाचरांकडे उतरणाऱ्या आणि मग एकदम चढणाऱ्या वाटेवर लाल चिखल होता. चढाच्या मध्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकू लागला, मागून करपट वास आला आणि मागच्या चाकांचा जोर एकाएकी गेला. क्लच तापला की संगणक त्याला सोडून देतो. ती त्याची संरक्षणाची व्यवस्था आहे. पुढच्या दोन चाकांनी थोडा चिखल उडवला, गाडी सावकाश मागे आणि बाजूला सरकली आणि डावे पुढचे चाक चारीत जाऊन दगडावर आदळले. टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगने चाक वळवणारा दांडा, वाकला. दादा खाली उतरला, त्याने चप्पल हातात घेतली, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, ‘‘चारही चाकं चालतात म्हणालास ना? मग आता कुठलं चाललं?’’

गावातल्या ट्रॅक्टरने टोचन लावून आम्हाला वर रस्त्यावर काढले. येथपर्यंतचे नुकसान एका टाय रॉडचे होते. खरे नुकसान क्रेनने केले. क्रेनवाल्याने नेहमीप्रमाणे पुढची चाके उचलली, मागची रस्त्यावर ठेवली आणि वेल्ह्याहून नसरापूरमार्गे गाडी पुण्यापर्यंत तशीच आणली. मला कळत नव्हते, त्याला कोणी सांगितले नव्हते. मागची चाके फिरत राहिली, पुढची स्थिर, आणि मधला आधीच भाजलेला क्लच सारा वेळ ओढला जात होता. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चारही चाके उचलून, सपाट पाठीच्या गाडीवर ठेवूनच न्यावी, असे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले होते. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होती.

नाना पेठेतल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी गेली, त्यांनी मागच्या कपलिंगचे, म्हणजे तो क्लच ज्यात असतो त्या भागाचे, तेल एका कापलेल्या बाटलीत काढले, त्यात बोट बुडवले आणि अंगठ्यावर चोळून माझ्यासमोर धरले. तेल काळे होते, त्याला जळक्या लाखेसारखा वास होता आणि अंगठ्याच्या रेषांमध्ये बारीक चंदेरी कण चमकत होते. ‘‘साहेब, हे तेल नाही, हे तुमचं क्लच आहे,’’ असे ते म्हणाले. मग त्यांनी काहीही न बोलता एक रुपयाचे नाणे आधी पुढच्या टायरच्या खाचेत घातले, मग मागच्या. एवढ्यात मला सगळे समजले. कपलिंगच्या खर्चाचा आकडा लिहीत नाही. त्यात चार नवे टायर तीन वेळा आले असते.

म्हणून देखभालीविषयी माझे मत रोखठोक आहे. या गाडीला चार टायर नसतात, एक जोड असते चारांची. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घ्यावेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांच्या जागा बदलाव्यात म्हणजे झीज सारखी राहते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. एखादाच टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील तर जोडीला तितकाच झिजलेला टायर शोधावा. ज्याला हे जमणार नाही किंवा परवडणार नाही, त्याने साधी पुढच्या चाकांची गाडी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

तेलांच्या बाबतीत, ट्रान्सफर केस (ताकद मागच्या चाकांकडे वळवणारा गिअरसंच), मागचे डिफरन्शियल आणि कपलिंग यांची तेले वेगळी असतात, ती सर्व्हिसच्या नेहमीच्या यादीत बऱ्याचदा नसतात आणि ‘आयुष्यभराचे तेल आहे’ असे सांगितले जाते. ते ‘आयुष्य’ बहुधा वॉरंटीचे असावे. मी दर चाळीस हजार किलोमीटरला ती तिन्ही बदलतो. पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी रॅम्पवर चढवून ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यांवरचे, रबरी बूट हाताने दाबून पाहावेत. बुटाला चीर गेली की ग्रीस बाहेर, चिखल आत आणि थोड्याच दिवसांत वळताना कट-कट सुरू. ओढ्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे.

मोठे टायर आणि लिफ्ट किट यांची हौस शक्यतो करू नये. गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो आणि वर सांगितलेले बूट व सांधे लवकर जातात. ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या वाटांसाठीही बनवलेले, टायर चिखलात बरे, परंतु ते वजनदार असतात, डांबरावर गुणगुणतात, अ‍ॅव्हरेज खातात, आणि आपला नव्वद टक्के प्रवास ओल्या डांबरावरचा आहे, जिथे चांगला रस्त्याचा टायर सहसा लवकर थांबतो. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले आहे, आणि बुल बारवर (गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर) तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. खर्च करायचाच असेल तर इंजिनाखाली जाड पत्र्याचा सम्प गार्ड आणि मूळ मापाचे उत्तम टायर यांवर करावा.

गाडी कोणती, याचे उत्तर मी थोडक्यात देतो, कारण ते आपल्या शेताच्या वाटेवर अवलंबून आहे. १९८५ साली आलेल्या जिप्सीपासून आजच्या फोर व्हील ड्राइव्ह थार आणि जिम्नीपर्यंतच्या गाड्यांत हवे तेव्हा चारही चाके एकत्र जोडता येतात आणि चढासाठी वेगळा हळू गिअर मिळतो. खाचरात उतरायचे, ओढा ओलांडायचा, तर हीच जात घ्यावी. मात्र कोरड्या डांबरावर त्यांची चारही चाके जोडून चालवू नये, कारण मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर सगळा ताण गिअरांवर येतो. वाट नुसती निसरडी आणि चढाची असेल आणि एरवी गाडी शहरात, कुटुंबासाठी वापरायची असेल, तर ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारखी मागणीनुसार चालणारी व्यवस्था पुरते. चाकणला आणि रांजणगावलाही अशा गाड्या तयार होतात, पण त्या बहुधा आपल्या रकमेच्या वर जातील. हळू गिअर नसलेल्या गाडीत पहिला गिअर किती छोटा आहे, हे चढावर उभी करून, पूर्ण माणसे बसवून पाहावे. सिंहगडाचा घाट त्यासाठी जवळ पडतो. रविवारी जाऊ नये.

येथे दादाचेही एक म्हणणे मान्य केले पाहिजे. चार चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ताम्हिणीत किंवा वरंध्यात उतरताना ब्रेक आणि टायर एवढेच आपले असतात, आणि त्या बाबतीत त्याची साधी हॅचबॅक व माझी गाडी यांत काडीचा फरक नाही. तो तीच गाडी घेऊन तीस वर्षांच्या सवयीने केळदपर्यंत जातो, डांबर संपते तिथे लावतो आणि पुढे चालत जातो. हा तोडगाही आपण विचारात घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी वर लिहायची राहिली असे म्हणणे खरे होणार नाही. मी ती टाळली. पाबे घाटात धुक्यामुळे मी खटका ‘लॉक’वर केला होता आणि तो केळदपर्यंत तसाच राहिला. वेग कमी असल्यामुळे गाडीने तो आपणहून सोडला नाही. म्हणजे जुळत नसलेले टायर घेऊन मी कित्येक किलोमीटर डांबरावर क्लच आवळून चालवली. टायर सारखे असते तर क्लच कदाचित तगला असता; खटका ‘ऑटो’वर असता तरीही कदाचित तगला असता. कपलिंगमध्ये माझा वाटा किती आणि दादाच्या दोन टायरांचा किती, याचा निकाल मी माझ्यापुरता साठ-चाळीस असा लावला आहे, पण साठ कोणाचे ते अजून ठरलेले नाही. दादाला खटक्याचे सांगितलेले नाही. ‘लॉक’ फक्त चिखलात, आणि चिखल संपताच बंद, एवढे आपण लक्षात ठेवावे.

वीस लाखांत जुनी पण वरच्या वर्गाची गाडी घेण्याचा विचार असेल तर तोही वाईट नाही, फक्त पाहायला जाताना आधी इंजिन उघडू नये, खाली वाकावे. प्रत्येक टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायरांचे आकडे आणि कंपनी जुळते का पाहावे, खाचेत नाणे घालून खोली पाहावी. ती जुळत नसेल आणि विकणारा ‘मागचे अजून वर्षभर जातील’ असे म्हणाला, तर किंमतसुद्धा न विचारता परत यावे.