झाडाला जखम झाली की मेदाम्लं, म्हणजे तेला-चरबीतली आम्लं, बनवणारी जनुकं जास्त काम करतात का?

हो, पण सगळी नाही, आणि एकाच कामासाठीही नाही.

काटोलकडच्या बागेत अळीनं संत्र्याचं पान कुरतडलं, की हरितलवकांच्या पटलांतून लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल सुटं होतं. त्यापासून जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक तयार होतं आणि बचावाची जनुकं चालू होतात. पान चुरगळल्यावर येणारा हिरवा वास लिनोलेनिक आम्लाच्याच तुकड्यांचा. अरॅबिडॉप्सिस या, प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपामध्ये लिनोलेनिक आम्ल बनवणारं 'एफएडी७' हे जनुक जखमेनंतर जास्त काम करतं, म्हणजे कच्चा मालही वाढवला जातो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

दुसरं काम जखम बुजवायचं. कापलेला बटाटा ठेवून बघा, दोन-चार दिवसांत कापावर राठ, तपकिरी साल धरते. ते सुबेरिन, मेदाम्लांपासून बनणारा, पाणी अडवणारा पदार्थ. त्यासाठी मेदाम्लांची साखळी लांबवणारी आणि तिच्यावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवणारी जनुकं जास्त काम करतात, तीही मुख्यतः कापाच्या काठावरच्या पेशींत.

म्हणूनच सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढताना काप स्वच्छ घ्या. चिंधलेली जखम बुजायला वेळ लागतो, तोवर बुरशी शिरते. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावाच.