निरीक्षकांनी चांगली म्हटलेली निवडणूक न्यायालय रद्द कसे करू शकते?

आपण विचारले आहे की, केनियातील २०१७ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक परदेशी निरीक्षकांना समाधानकारक वाटली असताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द का केली, आणि मग निरीक्षकांचा उपयोग तरी काय. निवडणूक कायदा हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम तारखा पाहाव्यात. मतदान ८ ऑगस्टला झाले. युरोपीय संघ आणि कार्टर सेंटर (अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापलेली संस्था) यांच्या पथकांनी आपली प्राथमिक निवेदने १० ऑगस्टला दिली. अधिकृत निकाल मात्र ११ ऑगस्टला जाहीर झाला. म्हणजे निरीक्षकांनी जे वाखाणले ते मुख्यतः मतदान होते: रांगा, मतपेट्या, मतदान केंद्रांवरील कर्मचाऱ्यांचे वर्तन. निकालांच्या संकलनाबाबत त्यांनी सावध शब्द वापरले होते, पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सावध शब्दांना जागा नसते.

न्यायालयापुढचा वाद नेमका संकलनाचा होता. केनियात प्रत्येक मतदान केंद्रावर मोजणी झाली की तेथील अधिकारी ‘३४ अ’ नावाचे निकालपत्रक भरतो, पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सही करतात, आणि त्याची प्रतिमा आकड्यांसह इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची असते. चाळीस हजारांहून अधिक केंद्रांपैकी हजारो केंद्रांची पत्रके हाती येण्याआधीच निवडणूक आयोगाने तत्कालीन राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना विजयी घोषित केले. न्यायालयाच्या देखरेखीखाली तपासणी झाली तेव्हा काही पत्रकांवर जलचिन्ह किंवा अनुक्रमांक नसल्याचे दिसले, आणि निकाल साठवलेले आयोगाचे सर्व्हर तपासू देण्याचा आदेश आयोगाने पुरता पाळला नाही. निवडणूक कायद्याच्या कलम ८३ चा अर्थ लावताना न्यायालयाने असे मानले की, निकालावर परिणाम झाल्याचे सिद्ध झाले नाही तरी कायद्याच्या मूलतत्त्वांचे गंभीर उल्लंघन निवडणूक रद्द करण्यास पुरेसे आहे. १ सप्टेंबरला चार विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. स्थानिक निरीक्षकांच्या एका गटाने नमुना केंद्रांवर केलेली समांतर मोजणी अधिकृत आकड्यांच्या जवळ जाणारी होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो. आकडा बरोबर असणे आणि तो कायदेशीर रीतीने ठरलेला असणे, या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या धरल्या, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

मलावीतही थोडेबहुत असेच घडले. मे २०१९ च्या निकालपत्रकांवर खाडाखोड लपवण्यासाठी पांढरे करेक्शन फ्लुइड इतके सर्रास वापरलेले आढळले की लोकांनी त्या निवडणुकीला त्याच्याच ब्रँडच्या नावाने ‘टिपेक्स निवडणूक’ म्हणायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती रद्द केली आणि विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात असेही ठरवले. जूनमधील फेरमतदानात विरोधी पक्षाचे लाझारस चकवेरा निवडून आले.

आता उपयोगाचा प्रश्न. केनियाच्या राज्यघटनेनुसार याचिका सात दिवसांत दाखल करावी लागते आणि ती दाखल झाल्यापासून चौदा दिवसांत निकाल द्यावा लागतो, तर निरीक्षकांचा अंतिम अहवाल येण्यास काही महिने लागतात. त्यामुळे खटल्यात पुरावा म्हणून तो जवळजवळ कधीच पोहोचत नाही. तेथे कामी येतात ती केंद्रावरची कागदपत्रे आणि पक्षांच्या प्रतिनिधींनी जपून ठेवलेल्या प्रती. अहवालाची खरी किंमत त्यातील शिफारशींत असते, कारण कायदा बदलण्याची चर्चा पुढच्या निवडणुकीपूर्वी बहुधा तेथूनच सुरू होते. केनियाच्या आयोगाने २०२२ मध्ये ‘३४ अ’ पत्रकांच्या प्रतिमा जाहीर संकेतस्थळावर टाकल्या आणि कोणालाही स्वतः बेरीज करून पाहता आली. त्या वर्षीही याचिका झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने त्या एकमताने फेटाळल्या.