अडीचशे डॉलर, १:५०० लिव्हरेज आणि बहिणीची फी

तुझे प्रश्न आधी एकत्र मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मित्राच्या सांगण्यावरून तू एका फॉरेक्स ॲपवर २५० डॉलर भरलेस. तिथे १:५०० लिव्हरेज मिळतंय, म्हणजे भरलेल्या पैशाच्या ५०० पट सौदा करता येतो, तर युरो-डॉलरने सुरुवात करावी का, हा पहिला प्रश्न. हे कायदेशीर आहे का, हा दुसरा. आणि जाताजाता विचारलेला तिसरा: बहीण एमएससाठी अमेरिकेला निघाली आहे, फीचे डॉलर आत्ता घ्यावेत की थांबावं?

मी एका निर्यात कंपनीत परकीय चलनाचं काम बघते. ताई म्हणून विचारलंस, म्हणून स्पष्टच लिहिते. तुझ्या घरातला चलनाचा खरा प्रश्न तिसरा आहे. पहिल्या दोन्हींत तुझे नुसते पैसेच नाही, बँक खातंही अडकू शकतं.

कायद्यापासून सुरू करते, कारण 'सगळेच करतात' हे उत्तर मला फार ऐकायला मिळतं. भारतात राहणाऱ्या माणसाने परकीय चलनाचा व्यवहार कोणाशी आणि कशासाठी करायचा, हे फेमा म्हणजे १९९९ च्या कायद्याने ठरतं. रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या संस्थांशी, परवानगी असलेल्या कारणासाठी आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा प्लॅटफॉर्मवरच. वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवायची जी सवलत आहे, तिच्यातही परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरायला पैसे पाठवणं स्पष्टपणे वगळलेलं आहे. उल्लंघन सिद्ध झालं तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत ॲप आणि संकेतस्थळांची 'अलर्ट लिस्ट' काढली. तेव्हा त्यात ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे ते ॲप अधिकृत, असा अर्थ काढू नकोस. ती यादी परिपूर्ण नाही, हे बँकेनेच म्हटलेलं आहे.

मग एनएसईवर करू का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. तिथे डॉलर-रुपयाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे सौदे, ऑगस्ट २००८ पासून आहेत. एक लॉट, म्हणजे सौद्याचं एकक, १,००० डॉलरचा. भाव पाव पैशाच्या पटीत हलतो, म्हणजे अशा एका हालचालीला (टिकला) अडीच रुपये. नवख्याला शिकायला ती चांगली जागा होती. पण रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं की या सौद्यांमागे खरी चलन जोखीम, म्हणजे परकीय चलनात खरोखर द्यायचे-घ्यायचे पैसे, असलीच पाहिजे, आणि ते ३ मे २०२४ पासून लागू झालं. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण कागद मागत नाहीत म्हणजे जोखीम नसली तरी चालते, असं नाही. यूट्यूबवरचे त्याआधीचे 'करन्सी ट्रेडिंग शिका' व्हिडिओ अजून फिरताहेत आणि त्यात यातलं काहीच नसतं. डॉलर-रुपयाच्या निव्वळ अंदाजावर पैसे लावायला आज तुझ्यासाठी तिथेही कायदेशीर वाट नाही.

आता तू पैसे कसे भरलेस ते बघ. ॲपने एक यूपीआय आयडी दिला, समोर कंपनीचं नाही तर कुठल्याशा व्यक्तीचं नाव आलं, बरोबर? अशी खाती बहुतेक भाड्याने घेतलेली असतात. त्याच खात्यात फसवणुकीचा पैसा आलेला असेल आणि कोणी तक्रार केली, तर त्या साखळीतल्या खात्यांवर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून होल्ड लागतो. पैसे काढतानाही ॲप अशाच कोणाच्या तरी खात्यातून तुला पाठवतं, आणि तुझं पगाराचं खातं त्या साखळीत येतं. पगार जमा झालाय पण काढता येत नाही, ही वेळ तोट्यापेक्षा वाईट.

म्हणून जे काढता येतंय ते आजच काढ, पण पगाराच्या खात्यात घेऊ नकोस, आणि ॲपवरचं खातं बंद कर. 'आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील' असं म्हणाले तर एक रुपयाही देऊ नकोस. कोणताही कर असा ॲपच्या एजंटकडे भरत नाहीत. यूपीआयचे तपशील आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेव, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदव.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि १:५०० चं गणित मांडू, कारण खरी ओढ तिथे आहे. युरो-डॉलरचा पूर्ण लॉट म्हणजे १ लाख युरो. भाव १.१० धरला तर १ लाख १० हजार डॉलरचा सौदा. त्याला ५०० ने भागलं की मार्जिन आलं २२० डॉलर. तुझ्याकडे २५० आहेत, म्हणजे ॲप तुला हा सौदा करू देतं. पिप म्हणजे भावातला दशांशानंतरचा चौथा आकडा. तो एकाने हलला की १० डॉलरचा फरक. स्प्रेड, म्हणजे घ्यायच्या आणि विकायच्या भावातला फरक, दीड पिप असेल तर बटण दाबल्या क्षणी १५ डॉलर गेले. बऱ्याच ब्रोकरांकडे खात्यातली शिल्लक मार्जिनच्या निम्म्यावर आली की सौदा आपोआप कापला जातो. निम्मं म्हणजे ११० डॉलर. २५० वरून ११० वर यायला १४ पिप पुरतात, त्यातले दीड तू सुरुवातीलाच दिलेस. युरो-डॉलर साध्या दिवशीही ५०-६० पिप हलतो. संध्याकाळी युरो तू म्हणालास तसाच वर गेलेला असेल, पण दुपारच्या एका झोक्यात तुझा सौदा कापून झालेला असतो. दिशा बरोबर, पैसे गेले.

छोटा लॉट घे, असं कोणी सांगेल. ०.०१ लॉटला पिपमागे दहा सेंट. ५० पिप मिळवले तरी पाच डॉलर. एवढ्यासाठी कोणी रात्र जागवत नाही, हात मोठ्या लॉटकडे जातोच, आणि ॲपची सगळी रचना तो तसा जावा अशीच असते. यातले बरेच ब्रोकर ग्राहकाचा सौदा बाजारात पाठवतच नाहीत, समोरची बाजू स्वतःच धरतात. तुझा तोटा हाच त्यांचा नफा.

युरोपातल्या बाजारांची नियामक संस्था एस्मा हिने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख चलनजोड्यांवरचं लिव्हरेज ३०:१ वर आणलं. किरकोळ ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात, हे तिने तेव्हा जाहीर केलं. अमेरिकेत मर्यादा ५०:१ आहे. ५०० चा आकडा दिसला की ब्रोकर कुठे नोंदलाय ते शोध. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट या छोट्या देशाचं नाव वारंवार दिसेल, आणि तिथली वित्तीय नियामक संस्था स्वतःच सांगते की आम्ही फॉरेक्स ब्रोकरना परवाना देत नाही. कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत त्या मुद्दाम एक करून दाखवतात.

'स्टॉप लॉस लावतो ना', म्हणजे ठरावीक भावाला सौदा आपोआप बंद होईल, असंही तू लिहिलं आहेस. १५ जानेवारी २०१५ ला काय झालं ते वाच. स्विस राष्ट्रीय बँक २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँकचा तळ राखून होती. त्या गुरुवारी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना, तिने तो अचानक सोडला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खूप खाली गेला. १.१९ ला स्टॉप लॉस लावून निर्धास्त असलेल्यांना १.१९ ला घेणाराच मिळाला नाही. पुढचा मिळेल तो भाव कितीतरी खालचा होता, आणि अनेकांची खाती शून्याच्या खाली जाऊन ब्रोकरचं देणं लागू लागली. अल्पारी या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली, एफएक्ससीएम या दुसऱ्या मोठ्या ब्रोकरला तगून राहायला ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. त्या फर्मकडे जोखीम मोजणारी माणसं पगारावर होती. स्टॉप लॉस ही फक्त एक ऑर्डर आहे, समोर घेणारा असेल तरच ती चालते. डेमो म्हणजे सरावाच्या खात्यात हे कधीच दिसत नाही, तिथे प्रत्येक ऑर्डर हव्या त्या भावाला पुरी होते.

आता बहिणीकडे येऊ.

समजा तिची वर्षाची फी २०,००० डॉलर आहे. डॉलर एक रुपयाने महाग झाला की घरातून २०,००० रुपये जास्त जाणार, म्हणजे तू ॲपवर भरलीस जवळपास तेवढीच रक्कम. इथे पैज नाही, पैसे भरायचेच आहेत. डॉलर वर जाईल की खाली, हे मला सांगता येणार नाही आणि घरच्या फीसाठी ते ओळखायची गरजही नाही. फी दोन सत्रांत भरायची असेल तर विद्यापीठ आगाऊ हप्ते घेतं का ते विचार. घेत असेल तर रक्कम तीन-चार तुकड्यांत पाठवा, म्हणजे सगळी फी एकाच वाईट दिवसाच्या भावात सापडणार नाही. डॉलर आत्ता विकत घेऊन घरात साठवून ठेवायचा विचार मात्र नको, न वापरलेलं चलन परत करायची मुदत असते.

भावावर जास्त लक्ष दे. बँक सकाळी जो कार्ड रेट, म्हणजे त्या दिवसाचा भाव, लावते, त्यात तिचा नफा आधीच मिसळलेला असतो आणि शाखेत तो कोणी आपणहून सांगत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल नावाचा प्लॅटफॉर्म ऑगस्ट २०१९ पासून आहे. तुझ्या बँकेमार्फत त्यावर नोंदणी केली की डॉलरचा भाव बाजारात जसा आहे तसा दिसतो, आणि बँकेला आपलं शुल्क वेगळं सांगावं लागतं. शाखेतल्या माणसाला याची माहिती नसेल तर फॉरेक्स विभागाचा नंबर मागून घे. नोंदणी नाही केलीस तरी दोन-तीन बँकांचे भाव एकाच दिवशी, एकाच तासात विचार, आणि 'सगळं धरून एका डॉलरला किती रुपये' एवढंच विचार. शिक्षण कर्ज घेतलं असेल तर त्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही, पण ते कर्जातून जातंय याची नोंद परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना नीट करून घे.

दुसऱ्या सत्राची रक्कम ठरलेली असेल तर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घेणं, करता येईल का, तेही बँकेला विचार. आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्याने पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग मिळतो. तो फरक किती, हे ऐकून मग ठरव. फी भरायच्या तारखा आणि कर्ज किती मंजूर झालंय ते इथे लिहिलंस तर तुकडे कसे पाडायचे ते बघते.