घरी रात्री काढलेलं दूध एनआयसीयूतल्या बाळाला दिवसा दिलं तर चालतं का?

चालतं. बाळाला त्याने काही अपाय होत नाही, हे आधी मिसेसना सांगून टाका. पण रात्रीचं दूध वेगळं आणि दिवसाचं वेगळं असतं, असं तुम्ही जे वाचलंय त्या थापाही नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यातच एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. आयांना दूध काढायला शिकवण्यात माझी निम्मी ड्युटी जाते.

तुम्ही लिहिलंय की बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १२०० ग्रॅम, अजून काचेत आहे आणि नळीने दूध चालू आहे. मिसेस धायरीला घरी. रात्री-पहाटे काढलेलं दूध तुम्ही सकाळी ऑफिसला जाताना देता आणि दिवसभराचं संध्याकाळी. म्हणजे गंमत बघा, रात्रीचं दूध बाळाला दिवसा जातंय आणि दिवसाचं रात्री. जवळजवळ सगळ्याच घरांत असं उलटं होतं, कारण आणणाऱ्या माणसाची वेळ तीच असते.

फरक खरा आहे. झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन आईच्या रक्तातून दुधात उतरतं. मध्यरात्रीनंतरच्या दुधात ते भरपूर आणि दुपारच्या दुधात जवळपास नसतंच. जागं ठेवणारं संप्रेरक कॉर्टिसॉल, त्याचं उलट, ते सकाळच्या दुधात जास्त. पोटात असताना बाळाला आईचं मेलाटोनिन वारेतून मिळत असतं. लवकर जन्मलं की तो पुरवठा तुटतो, आणि स्वतःची दिवस-रात्रीची लय बसायला पूर्ण दिवसांच्या बाळालाही दोन-तीन महिने लागतात. आपल्या बाळांना आणखी जास्त. तोवर दिवस कुठला नि रात्र कुठली, याची खूण दुधातून मिळत असावी, असा हा विचार आहे. पटण्यासारखा आहे. पण वेळ जुळवून दूध दिल्याने कमी दिवसांची बाळं लवकर वाढतात किंवा लवकर घरी जातात, असं ठामपणे दाखवून देणारा पुरावा अजून नाही. तुम्ही हे विचारल्यावर तुमच्या युनिटमधल्या सिस्टर हसल्या ते बहुधा यामुळेच. (किंवा ड्युटी संपत आली असेल.)

तरी फुकटात जमतंय तर करा. लेबलवर तारीख असतेच, तिच्यापुढे वेळ लिहा, आणि रात्री दहा ते सकाळी सहामधल्या बाटलीवर मार्करने ठळक ‘रात्र’ लिहा. बॉलपेन नको, बाटलीला घाम आला की शाई पसरते आणि मग आम्ही ट्यूबलाइटखाली धरून तीन आहे की आठ ते बघत बसतो. तुमच्या सिस्टरना विचारा, की सकाळी आणलेलं ‘रात्र’चं दूध फ्रीजमध्ये ठेवून त्याच रात्रीच्या फीडला वापराल का? आमच्याकडे फ्रीजमधलं दूध २४ तासांत संपवतात, त्यात हे बसतं का ते बाटलीवरची वेळ बघून ठरवावं लागतं. प्रत्येक युनिटचा नियम वेगळा असतो, त्यांचा पाळा. घरी मात्र बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा, आणि सिंहगड रोडचा ट्रॅफिक धरून पिशवीत बर्फाचे पॅक भरपूर घाला.

रात्री दोनच्या फीडला दुपारचंच दूध हाताशी असेल तर तेच द्यायचं. ‘रात्र’ लिहिलेलं नाही म्हणून आईचं दूध बाजूला ठेवून पावडरचं द्यायचं, असं कधीही करू नका. आईच्या दुधाने आतड्याच्या त्या भयंकर आजाराचा, एनईसीचा, धोका कमी होतो. ते घड्याळावर अवलंबून नाही. पहिल्या दिवसांचा चीक शिल्लक असेल तर तो आधी, कुठल्याही वेळी.

१२०० ग्रॅमच्या बाळाला पूर्ण फीडवर किलोमागे साधारण १५० मिली धरलं तर दिवसाला १८० मिली होतात. दोन-दोन तासांनी दिलं तर एका वेळी १५ मिली, म्हणजे तीन चहाचे चमचे. एवढ्याशा दुधात वेळेपेक्षा स्निग्धांश जास्त महत्त्वाचा. तो दिवसभरात बदलतोच, पण एका बैठकीतही सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं दाट असतं. म्हणून मिसेसना सांगा, पंपातून धार थांबली की लगेच उठू नका, हाताने दाबून शेवटचं काढा. ‘बाटलीत साय धरली, दूध खराब झालं का’ असं रोज कुणीतरी विचारतं. तीच साय बाळाचं वजन वाढवते. बाटली हळूच गोल फिरवून मिसळायची.

घरात कुणी प्रेमापोटी म्हणेल, ‘पोरगी दमलीये, रात्रभर झोपू दे तिला.’ सलग चार-पाच तास झोपू द्या, पण रात्रभर नको. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. चोवीस तासांत आठ वेळा काढायचं, त्यात रात्री एकदा तरी हवंच. त्या वेळी खोलीतला मोठा दिवा नको, झिरोचा बल्ब पुरतो. उजेडाने आईचंच मेलाटोनिन कमी होतं, मोबाइलचाही उजेड आलाच.

दिवस-रात्रीची लय लावायला आणखी एक गोष्ट करता येते. युनिटमध्ये रात्री दिवे मंद करतात का, पेटीवर कापड टाकतात का, विचारा. आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की तुम्ही दोघंही कांगारू द्या, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरा. बापाच्या छातीवरही चालतं.

मिल्क बँकेचं दूध घ्यावं लागलं तर वेळेचा प्रश्नच उरत नाही. तिथे अनेक आयांचं दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करतात. ससूनमध्ये अशी बँक आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये तर १९८९ पासून आहे.

आणि वेळ न लिहिलेल्या ज्या बाटल्या फ्रीझरमध्ये साठल्यात, त्या टाकू नका. तारखेप्रमाणे जुनी आधी, या क्रमाने सिस्टरकडे द्या.