व्यंजनं पाठ करू नका, तोंडात शोधा

नव्याने ध्वनिशास्त्राकडे वळलात, तर आधी तक्ता बाजूला ठेवा. क, ट, त, प सावकाश म्हणा आणि हवा कुठे अडते तेवढंच बघा. घशाजवळून ओठांपर्यंतचा प्रवास आपोआप कळेल. क ते म ही २५ व्यंजनं स्पर्श का म्हणवतात, तेही.

प आणि फ म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. फ ला ती जास्त हलेल, कारण तो महाप्राण, म्हणजे जास्त हवा सोडून म्हटला जाणारा. (फ चा उच्चार बरेच जण ओठ न मिटता करतात, इथे ओठ मिटूनच म्हणा.) घोष (गळा थरथरतो) आणि अघोष (थरथरत नाही) ओळखायला गळ्यावर बोट ठेवा. इथे मीही पुष्कळ दिवस फसलो होतो: 'क' म्हटलं की त्यातला 'अ' गळा थरथरवतोच! म्हणून स्वर टाळा. नुसता 'स्' लांबवा, मग 'म्' लांबवा. फरक बोटाला लागेल. 'म्' चालू असताना नाक चिमटा, आवाज बंद. अनुनासिक म्हणजे काय, ते झालं समजून.

अनुस्वार तर फारच गमतीचा. अंक, मंच, घंटा, अंत, पंप म्हणा; टिंब एकच, पण पुढच्या व्यंजनाप्रमाणे जीभ दरवेळी जागा बदलते.

य, र, ल, व सध्या सोडलेत तरी चालेल. च-ज मात्र लिपीवर सोपवू नका. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले ज वेगळे आहेत: पहिला तालव्य (जीभ टाळूला लागते), दुसरा दंततालव्य (जीभ पुढे, दातांजवळ येते). अक्षर एकच, ध्वनी दोन.