जपानच्या विद्यापीठ रुग्णालयात थेट एमएस होतं का?

प्रश्न : मुलगी पुण्यात एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपत आली आहे. कॉलेज सांभाळून जपानी शिकली, एन-३ पास आहे. तिला सर्जन व्हायचंय. एक सल्लागार म्हणतात, 'नीट पीजीच्या फंदात पडू नका. जपान सरकारची शिष्यवृत्ती घ्या, ओकायामा विद्यापीठाच्या रुग्णालयात पीजी करा, परत आल्यावर सर्जन.' हे कितपत खरं? धाकटा बारावीत आहे, त्यालाही तिकडे एमबीबीएसला पाठवता येईल का? – एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सल्लागारांच्या बोलण्यात शिष्यवृत्ती खरी आहे, रुग्णालयही खरं आहे. 'परत आल्यावर सर्जन' हे मात्र खरं नाही, आणि तुमचा सगळा बेत त्यावरच उभा आहे.

ओकायामा तुम्हाला परकं नाही. तुमच्याच रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात १९९८ साली जपानमधलं जिवंत दात्यांकडून झालेलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण झालं. दोन नातेवाईक, एकाचा उजवा खालचा खंड आणि दुसऱ्याचा डावा, म्हणजे एका रुग्णासाठी तीन माणसांवर शस्त्रक्रिया. जपानचा अवयवदानाचा कायदा १९९७चा. मेंदूमृत व्यक्तीची स्वतःची लेखी संमती त्यात सक्तीची होती, नुसत्या कुटुंबाच्या संमतीवर दान व्हायला २०१० उजाडावं लागलं. मेंदूमृत दात्यांचे अवयव मिळेनात, तेव्हा विद्यापीठ रुग्णालयांनी जिवंत दात्यांच्या शस्त्रक्रियांत हात बसवला. क्योतोनं यकृतात हेच केलं. तुमच्या लेकीला या कामाची ओढ वाटत असेल, तर ती ओढ रास्त आहे.

आता ही रुग्णालयं चालतात कशी ते पाहा. जपानमध्ये ८२ वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांची मुख्य रुग्णालयं बहुतेक सगळी 'तोकुतेई किनो ब्योइन', म्हणजे विशेष कार्याची रुग्णालयं, या वर्गात मोडतात. हा वर्ग १९९३ पासून आहे. निदान ४०० खाटा, अवघड उपचारांची सोय, आणि रुग्ण मुख्यतः दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेले, अशा त्याच्या अटी. चिठ्ठीशिवाय पहिल्यांदा गेलात तर निदान ७,००० येन जादा मोजावे लागतात. त्यामुळे साधा हर्निया किंवा अपेंडिक्स तिथे कमीच पोचतं. म्हणून तरुण सर्जनचा हात तिथे नाही, गावोगावच्या संलग्न रुग्णालयांत तयार होतो. कोणी कुठे जायचं हे प्राध्यापकांच्या हाताखालचा विभाग ठरवतो, त्याला 'इक्योकु' म्हणतात. २००४ मध्ये प्रशिक्षणाची पद्धत बदलल्यावर इक्योकुची पकड सैल झाली, पण सुटली नाही. या साखळीत डॉक्टरकीच्या जपानी परवान्याशिवाय शिरता येत नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर जपानी शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची शिष्यवृत्ती उत्तम आहे. फी माफ, डॉक्टरेटला महिना १,४५,००० येन. पण ती संशोधनाची आहे. वैद्यकीय डॉक्टरेट चार वर्षांची असते, आणि त्यात दिवस जातो तो पेशींच्या काचपट्ट्यांत, उंदरांत, आकडेमोडीत. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या परवानगीवाचून रुग्णावर उपचार करता येणार नाहीत, हे शिष्यवृत्तीच्या नियमातच लिहिलेलं आहे. चार वर्षांनी हाती येते ती पीएचडी. भारतात तिच्यावर सर्जन म्हणून नोंदणी होत नाही. परदेशी पीजी पदव्यांमध्ये आपल्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्याच मानल्या जातात. जपान त्या यादीत नाही.

दुसरा मार्ग जपानी परवान्याचा. एन-१, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात वरची पातळी, लागते. मग आरोग्य मंत्रालय अभ्यासक्रमाची वर्षं आणि तास तपासतं. विषयवार तासांचं प्रमाणपत्र द्यायला आपली कॉलेजं महिनोन् महिने लावतात आणि बरेचसे अर्ज तिथेच रखडतात. त्यानंतर जपानीतून रुग्ण तपासून दाखवायचा. पुस्तकी जपानी इथे अपुरं पडतं, कारण रुग्ण 'मला वेदना होतात' असं कुठे म्हणतो! तो म्हणतो 'झुकिझुकि', म्हणजे ठणका लागलाय. 'चिकुचिकु' म्हणजे टोचतंय, 'शिकुशिकु' म्हणजे बारीक कळ सारखी चालू आहे, 'किरिकिरि' म्हणजे पिळवटून दुखतंय. मराठी माणसाला हे लवकर उमगतं, पण कानावर पडायला हवं. पुढे फेब्रुवारीत दोन दिवसांची, ४०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग दोन वर्षं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण, मग सर्जरीची निदान तीन वर्षं. भाषेसकट सात-आठ वर्षं धरा. जपानमध्येच राहायचं ठरलं असेल तर हा मार्ग चोख आहे. 'परत येऊ' म्हणणाऱ्यानं यात पडू नये.

तिसरा मार्ग सल्लागारांनी सांगितला नाही, आणि मला तोच योग्य वाटतो. १९८७च्या एका कायद्यानं परदेशी डॉक्टरला जपानी परवान्याशिवाय, मार्गदर्शक डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक रुग्णालयांत प्रत्यक्ष उपचार करायची मुभा दिली आहे. मुदत दोन वर्षं, कारण पटलं तर चारपर्यंत. स्वतःच्या देशाचा परवाना आणि तीन वर्षांचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो. नुकसानभरपाईची ऐपत दाखवावी लागते, म्हणजे विमा आला. भाषा इंग्रजीही चालते, मात्र मार्गदर्शकाला ती नीट यायला हवी. प्रिस्क्रिप्शन तेवढं देता येत नाही.

म्हणून तिनं नीट पीजी द्यावी, इथेच एमएस करावं. तीन वर्षांत हात तयार होतो, आणि अनुभवाची अटही त्याच वर्षांत बसवता येते. रेसिडेन्सीचं प्रमाणपत्र तारखा आणि कामाच्या तपशिलासकट घेऊन ठेवावं. जपानी सोडू नये. पुण्यात परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, एमएस संपेपर्यंत एन-२ झालं तरी पुष्कळ.

मधल्या काळात महिना-दोन महिने निरीक्षक म्हणून जाता येतं. हात लावता येत नाही, पण काय पाहायचं ते ठाऊक असेल तर फुकट जात नाही. उदाहरणार्थ, जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया संपली की आपल्याकडे काढलेला भाग थेट पॅथॉलॉजीला जातो. जपानी सर्जन तो टेबलावर पसरतात, चरबीतून लसिकाग्रंथी एकेक सोडवतात आणि कुठल्या जागेची कुठली, ते क्रमांकवार वेगळं ठेवतात. आपण नेमकं काय काढलं, काय राहिलं, हे सर्जनला तिथेच कळतं. शस्त्रक्रियेनंतर चहाला न जाता तिनं या टेबलापाशी उभं राहावं.

निरीक्षकाचं गाडं अडतं ते बहुधा आरोग्य तपासणीत. गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या, कावीळ-बी यांच्या प्रतिपिंडांचे अहवाल मागतात, शिवाय क्षयाची रक्तचाचणी. आपल्याकडे वॉर्डात काम केलेल्या डॉक्टरांची ही चाचणी पुष्कळदा पॉझिटिव्ह येते. त्याचा अर्थ आजार असा नाही, पण ऐनवेळी कळलं तर तारखा हुकतात. तीन-चार महिने आधी तपासावं, पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे आणि छातीविकारतज्ज्ञांचं पत्र जोडावं.

धाकट्याचं थोडक्यात सांगतो. परदेशातून एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची तर २०२१च्या नियमांनुसार अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि त्याच संस्थेत हवी, शिवाय नीटही लागते. जपानमध्ये वैद्यक सहा वर्षांचं असतं आणि शिकवतात मुख्यतः जपानीतून. सरकारी विद्यापीठाची ५,३५,८०० येन वार्षिक फी पाहून मोह होतो, पण भाषेची अट तिथेच आडवी येते.

लेकीनं प्राध्यापकांना पत्र लिहायचं ते एमएसच्या दुसऱ्या वर्षी, एका वेळी एकाच विभागाला. तेच पत्र तीन विभागांत गेलं की जेवणाच्या सुट्टीत ते एकमेकांना कळतं. त्या विभागाचे दोन ताजे शोधनिबंध वाचावेत, आपण केलेल्या आणि मदत केलेल्या शस्त्रक्रियांची यादी आकड्यांसह जोडावी, आणि किती आठवडे, काय पाहायचंय, खर्च कोण करणार, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल तर तो नकार समजावा, जपानी माणूस 'नाही' हा शब्द सहसा लिहीत नाही.